राणीला कोणी विचारत नाही

मधमाश्यांच्या राणीला एके दिवशी उपास घडू लागतो. कालपर्यंत सारखा घास भरवणाऱ्या तिच्या लेकी आता हात आखडता घेतात. एवढ्यावर थांबत नाहीत. तिला धरून हलवतात, ढोसतात, एका जागी निवांत बसू देत नाहीत. अंडी घालणं मंदावतं, फुगलेलं पोट आक्रसतं आणि काही दिवसांत राणीचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरतं. कशासाठी हा छळ? तिला उडता यावं म्हणून! अंड्यांच्या भाराने जड झालेल्या राणीला उडता येत नाही, आणि घर सोडून निघायची वेळ तर जवळ आलेली असते. ती वेळ राणीने ठरवलेली नाही. तिला कोणी विचारलेलंसुद्धा नाही.

मग ठरवलं कोणी?

हौसेने परसात मधपेटी ठेवणाऱ्याला हा प्रश्न फार लवकर गाठतो. पेटी माश्यांनी गच्च भरलेली असते, पहिल्या मधाची स्वप्नं पडू लागलेली असतात, आणि एका ऊन पडलेल्या सकाळी निम्म्याहून अधिक माश्या दारातून बाहेर उसळतात. अंगणभर गरगरत फिरतात आणि थोड्या वेळाने जवळच्या एखाद्या फांदीला घोस करून लोंबकळतात. नवा मधपाळ हबकतो. माझं काय चुकलं, माश्या का पळाल्या? चुकलेलं काहीच नसतं. त्याच्या पेटीला मूल झालेलं असतं.

इथे जरा थांबून विचार करा. राणी अंडी घालते, त्यातून हजारो माश्या जन्मतात, पण त्याने फक्त घरातली संख्या वाढते. वंश पुढे जायचा तर एका वसाहतीच्या दोन वसाहती व्हायला हव्यात. निसर्गात हे घडतं ते असं थवा निघूनच. आणि यात कोण घर सोडतं? म्हातारी राणी! बांधलेली पोळी, मधाची कोठारं, वाढणारी पिल्लं, सगळं ती लेकीसाठी मागे ठेवते आणि धोक्याची वाट स्वतः धरते.

त्या लेकीची तयारी आधीपासून चालू असते. पोळ्याच्या खालच्या कडेला, तोंड जमिनीकडे केलेली लांबट राणीघरं दिसू लागली की समजावं, नव्या राण्या घडताहेत. त्यांच्यासाठी अंडं काही वेगळं लागत नाही. ज्या अंड्यातून जेमतेम काही आठवडे जगणारी कामकरी माशी निघाली असती, त्याच अंड्यातून दोन-तीन वर्षं जगणारी, लाखो अंडी घालणारी राणी निघते. फरक खुराकाचा. कामकरी माशीच्या अळीला पहिले तीन दिवस जे सकस पेय मिळतं, ती रॉयल जेली होणाऱ्या राणीला शेवटपर्यंत भरपूर मिळत राहते. शरीर, आयुष्य, स्वभाव, सगळं एका जेवणावर पालटतं!

थवा निघण्यापूर्वी प्रत्येक माशी पोटभर मध पिऊन घेते. ही तिची शिदोरी. फांदीला लोंबणारा घोस पाहून लोक घाबरतात, पण त्या वेळी त्या माश्यांइतक्या शांत माश्या क्वचितच भेटतात. राखायला घर नाही, पिल्लं नाहीत, आणि पोट तुडुंब. त्या फक्त वाट पाहत असतात. कशाची? नव्या घराची बातमी आणणाऱ्या बहिणींची.

हे घर कसं निवडलं जातं, त्याचा माग लागला तो म्युनिकमध्ये. साल १९४९. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी शहराची पडझड झालेली होती. मार्टिन लिंडाउअर या तरुण संशोधकाला झुडपाला लटकलेल्या एका थव्यावर काही माश्या नाचताना दिसल्या. माश्यांचा नाच त्याला नवा नव्हता; त्याचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांनीच त्या नाचाची भाषा उलगडली होती आणि पुढे १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. फुलं सापडलेली माशी पोळ्यावर पोट थरथरवत सरळ रेषेत धावते, वळून परत येते, पुन्हा धावते. धाव सरळ वरच्या दिशेने असेल तर अर्थ होतो, सूर्याच्या दिशेने जा. उभ्या रेषेपासून ती जितकी कलली, तितकंच सूर्यापासून बाजूला वळायचं. आणि थरथर जितका वेळ चालली, तितकं अंतर लांब. अंधाऱ्या पोकळीत, उभ्या भिंतीवर, बाहेरच्या सूर्याचा नकाशा!

पण लिंडाउअरला खटकलं ते वेगळंच. फुलांवरून आलेली माशी परागकणांनी माखलेली असते. या नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर होती काजळी, विटांचा लाल भुगा, पीठ. फुलात काजळी कुठून येणार? या माश्या गेल्या होत्या धुराड्यांत, पडक्या भिंतींच्या भेगांत, कोठारांच्या सांदीकोपऱ्यांत. त्या नाचून अन्नाची जागा सांगत नव्हत्या, घराची जागा सांगत होत्या!

मग त्याने नाचणाऱ्या एकेका माशीवर रंगाचे ठिपके दिले आणि तासन्‌तास, दिवसचे दिवस त्यांच्यावर नजर ठेवली. सुरुवातीला वीसेक निरनिराळ्या जागांची जाहिरात चाले. हळूहळू काही जागांचा पुकारा विरून जाई, एखादीचा जोर वाढे, आणि शेवटी सगळ्या नाचणाऱ्या एकच दिशा, एकच अंतर सांगू लागत. थोड्याच वेळात थवा उडे, आणि लिंडाउअर म्युनिकच्या रस्त्यांवरून त्याच्याखाली धावत सुटे, नाचाचा अर्थ आपण बरोबर लावला का हे पाहायला. त्याने तो बरोबर लावला होता.

आता पुढचा प्रश्न. घर चांगलं की वाईट, हे माशीला कळतं कसं? अमेरिकेतल्या टॉमस सीली यांनी आयुष्य याच कोड्यावर घातलं. त्यांना दिसलं की युरोपियन मधमाशीला सुमारे ४० लिटरची पोकळी आवडते, दार लहान लागतं आणि ते जमिनीपासून उंच असलेलं तिला बरं वाटतं. शोध घेणारी माशी जागा पाहायला जाते ती वधूपक्षाने मुलाचं घर पाहावं तशी: बाहेरून फेरी, आत शिरून कोपरान्‌कोपरा, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पण मिट्ट काळोखात एवढासा जीव पोकळीचं आकारमान मोजतो कसा? सीलींनी एक गोल पिंप असं बसवलं की त्याची भिंत फिरवता येईल. माशी भिंतीवरून चालत असताना भिंत तिच्या चालीच्या दिशेने सरकवली तर तिला कमी चालावं लागे, उलट सरकवली तर जास्त. जास्त चालावं लागलेल्या माश्यांना तीच पोकळी मोठी वाटली, कमी चाललेल्यांना लहान. माशी चालून घर मोजते!

पुढचा प्रयोग त्यांनी नेला मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ, ॲपलडोर नावाच्या बेटावर. तिथे मोठी झाडं जवळजवळ नाहीत, म्हणजे ढोलीही नाहीत. तिथे पाच पेट्या ठेवल्या: चार १५ लिटरच्या, बेताच्या, आणि एक ४० लिटरची, उत्तम. पाच वेळा थवे सोडले. पाचांपैकी चार थव्यांनी उत्तम तीच पेटी निवडली. उत्तम पेटी दर वेळी पहिल्यांदा सापडे असंही नाही. उशिरा सापडलेली चांगली जागा आधी सापडलेल्या साधारण जागेवर मात करत असे.

हे जमतं कसं? थव्यातल्या दहाएक हजार माश्यांपैकी घर शोधायला जातात त्या काही शेच. त्यांतल्या बहुतेकींनी एकच जागा पाहिलेली असते. पाचही जागा पाहून तुलना करणारी कुणी नसते. जिला चांगली जागा मिळाली ती जोरात आणि पुष्कळ वेळ नाचते. जिला बेताची मिळाली ती थोडं नाचून थांबते. नाच पाहून इतर माश्या ती जागा स्वतः तपासायला जातात. ऐकीव माहितीवर कुणी नाचत नाही! प्रत्यक्ष पाहून पटलं तरच त्या परत येऊन नाचू लागतात.

आणि यातली मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट अशी: प्रत्येक माशी दर फेरीनंतर आधीपेक्षा कमी नाचते. समजा उत्तम जागेसाठी पहिल्या खेपेला शंभर फेऱ्या नाचली, तर पुढच्या खेपेला साधारण पंधराने कमी, त्यापुढे आणखी पंधराने कमी, आणि काही खेपांनंतर अगदी गप्प. जागा तितकीच चांगली असते, तरी तिचा उत्साह ठरल्यासारखा उतरत जातो. आपलं मत हरलं म्हणून ती गप्प होत नाही. सांगायचं ते सांगून झालं म्हणून होते. त्यामुळे साधारण जागेचे पुरस्कर्ते नवे अनुयायी मिळण्याआधीच संपतात, आणि चांगल्या जागेचे वाढत जातात. हट्टाला जागाच नाही. माणसांच्या किती सभा याच एका गुणाअभावी रात्रभर चालतात!

२०१२ साली सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक बारकावा दाखवला. एका जागेची बाजू घेणाऱ्या माश्या दुसऱ्या जागेसाठी नाचणारीला डोक्याने हलकी धडक देतात आणि त्याच क्षणी बारीकसा आवाज करतात. म्हणजे, थांब. अशा धडका पुरेशा बसल्या की ती नाचायची थांबते. दोन जागा अगदी तोलामोलाच्या असल्या तरी थवा दोघींत अडकून बसत नाही तो या धडकांमुळे.

निर्णय झाला, हे मात्र नाच मोजून ठरत नाही. ते ठरतं नव्या घराच्या दाराशी. तिथे एका वेळी वीस-तीस शोधक माश्या जमलेल्या दिसल्या की पुरे. त्या परततात आणि थव्यात घुसून तीक्ष्ण आवाज काढत फिरू लागतात. तो इशारा असतो, अंग तापवा. थव्याच्या बाहेरच्या थरातल्या गारठलेल्या माश्या पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवून शरीर ३५ अंशांपर्यंत नेतात. सगळ्या तापल्या की मिनिटभरात घोस उसवतो आणि थवा हवेत जातो. आता पाहा, वाट ठाऊक आहे ती शेकडा तीन-चार माश्यांना. त्या थव्याच्या वरच्या भागातून बाणासारख्या पुढे झेपावतात, मागे येऊन पुन्हा झेपावतात, आणि बाकीच्या हजारो त्यांच्या रोखाने जातात. राणी? ती इतरांसारखीच मागे मागे.

आता आपल्या मातीतल्या माशीकडे येऊ. पेटीत ठेवायची आपली देशी माशी म्हणजे सातेरी. झाडाची ढोली, कपारी, वारूळ, जुन्या भिंतीची पोकळी, असा अंधार तिला प्रिय. युरोपियन बहिणीपेक्षा ती लहान, तिची वसाहत लहान, आणि तिला घरही लहान चालतं. कड्यावर किंवा उंच इमारतीवर एकच मोठं पोळं उघड्यावर टांगणारी ती आग्या. तिला पेटीत कोंडता येत नाही.

पेटीही एक अचंबाच आहे. शतकानुशतकं मध म्हणजे पोळं कापणं, पिळणं आणि वसाहत उद्ध्वस्त करणं. १८५१ साली अमेरिकेत लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांनी पाहिलं की पेटीतल्या भागांमधलं अंतर सहा ते नऊ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवलं तर माश्या ते मोकळं सोडतात, त्यांच्या ये-जा करायच्या वाटेसारखं. त्याहून अरुंद फट त्या झाडाच्या डिंकाने बुजवतात, त्याहून रुंद जागेत पोळं बांधतात. फक्त या मोजमापावर पोळ्याच्या चौकटी सुट्या राहिल्या, उचलता आल्या, परत ठेवता आल्या. जगभरचं आधुनिक मधमाशीपालन त्या काही मिलिमीटरांवर उभं आहे. सातेरी डिंक वापरत नाही, पण वाट मोकळी सोडायचा नियम तिचाही तोच. मापं तेवढी लहान. दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तिच्या अंगाच्या मापाची लहान पेटी केली, आणि ती न्यूटन पेटी म्हणून आजही ओळखली जाते.

थवा हाताला लागला तर? सायंकाळी, ऊन उतरल्यावर, फांदीखाली पेटी धरून एक जोरदार झटका. राणी आत पडली की बाकीच्या आपोआप येतात. काही माश्या दाराशी पोट वर करून पंख हलवू लागल्या की समजा काम झालं, त्या सुगंध सोडून बहिणींना बोलावताहेत. ढोलीतली वसाहत आणायची तर पोळी अलगद कापून केळीच्या सोपाने चौकटीला बांधतात. माश्या दोन-चार दिवसांत ती मेणाने जोडून टाकतात आणि सोप कुरतडून बाहेर फेकतात.

सातेरीचा एक स्वभाव मात्र नव्या मधपाळाने ओळखायलाच हवा. ती रागावली, उपाशी राहिली, मेणकिडा शिरला, मुंग्या चढल्या, की सगळं सोडून निघून जाते. हे थवा निघणं नव्हे. मागे कुणीच उरत नाही. म्हणून नव्या थव्याच्या पेटीत दुसऱ्या पेटीतली पिल्लांची एक चौकट ठेवा. पिल्लं सोडून जायला माश्यांचा जीव होत नाही. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढू नयेत म्हणून. आणि पेटीशी जाताना केळं खाऊ नका! डंख मारणारी माशी धोक्याचा जो वास सोडते त्यातलं मुख्य रसायन पिकल्या केळ्याच्या वासाचंच असतं. धूर दिला की हा वास झाकला जातो, शिवाय आग लागली की काय अशा शंकेने माश्या मध पिऊन घेतात आणि मवाळ होतात.

थवा निघू नये म्हणून काय करायचं? राणीघरं खुडत बसण्यापेक्षा माश्यांना जे हवं ते आपण आधी द्यावं, असं माझं मत. गर्दी झाली की वर मधकोठी चढवा, जागा द्या. तरी राणीघरं दिसली तर वसाहत विभागा: जुनी राणी आणि काही चौकटी नव्या पेटीत, राणीघर असलेल्या चौकटी जुन्या पेटीत. थवा निघून जे व्हायचं होतं तेच झालं, फक्त फांदीवर लोंबण्याऐवजी तुमच्या अंगणात. युरोपियन माश्यांच्या पेटीला या दिवसांत कान लावला तर एक नवल ऐकू येतं. पहिली बाहेर पडलेली तरुण राणी लांब सूर काढते, आणि अजून घरात कोंडलेल्या तिच्या बहिणी तुटक आवाजात उत्तर देतात. पुढे थवा न निघाला तर त्यांतली एकच उरते.

राहिला मध. फुलातल्या रसात पाणीच जास्त असतं. माशी तो वेगळ्या पिशवीत आणते, घरातल्या माश्या तोंडातोंडी देतात, थेंब पसरून वाळवतात, पंखांनी वारा घालतात. पाण्याचं प्रमाण शेकडा वीसच्या आसपास उतरलं की मेणाचं झाकण बसतं. एक माशी आयुष्यभर राबून चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध करते. म्हणून चौकटीतली तीन चतुर्थांश घरं झाकल्याशिवाय मध काढू नये. कच्चा मध आंबतो. काढताना पोळं पिळायचं नाही, मधयंत्रात फिरवायचं आणि रिकामं पोळं परत द्यायचं. मेण माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरतं, आणि त्यासाठी तिला मेणाच्या वजनाच्या कित्येक पट मध खर्च करावा लागतो. थंडीत मध साखरला तर घाबरू नका. ती भेसळीची खूण नव्हे, शुद्ध मधही साखरतो.

महाबळेश्वरच्या डोंगरात मधपाळ जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर पेट्या चालवतात. तिथल्या मांघरला २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मान मिळाला. त्याच डोंगरात कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. कामकरी माशीचं आयुष्य काही आठवड्यांचं, राणीचं दोन-तीन वर्षांचं. म्हणजे दर बहराला कारवीची फुलं पाहणारी प्रत्येक माशी ती पहिल्यांदाच पाहत असते, कुणी सांगणारी उरलेली नसते, तरीही मध भरून येतो!

थंड देशांत माश्यांची कसोटी हिवाळ्यात लागते. सह्याद्रीत ती लागते पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर झड लागलेली, फुलं कमी, बाहेर पडता येत नाही. उन्हाळ्यात लोभाने कोठ्या रिकाम्या केलेल्या पेट्या आषाढ-श्रावणात ओस पडतात. चांगल्या भागात सातेरीची पेटी वर्षाला साधारण ५ ते १० किलो मध देते, पण नव्या पेटीकडून पहिल्या वर्षी काहीच मागू नका. जे साठवलं ते त्यांना राहू द्या, आणि कमी पडलं तर साखरेचा पाक द्या. पेटी विकत घेण्याआधी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा जवळच्या एखाद्या जाणत्या मधपाळाकडे जाऊन एक पेटी उघडताना नक्की पाहा.